समाजाच्या रीतीभातींशी जुळणारे प्रतिबंधक आरोग्य कार्यक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावपातळीवर आजार टाळण्याचे कार्यक्रम आखणाऱ्या संस्था, आरोग्य खात्यातील अधिकारी आणि समाजकार्याचे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील आहेत. एक उदाहरण उत्तर प्रदेश राज्यातील आहे, कारण त्याला टाळून हा विषय पुरा होत नाही.

लोकगीत, पोवाडा किंवा पथनाट्य यांतून आरोग्याचा संदेश दिला की कार्यक्रम स्थानिक संस्कृतीशी जुळला, असे म्हणता येईल का?

म्हणता येणार नाही, आणि सर्वांत जास्त पैसा याच गैरसमजापायी वाया जातो. कार्यक्रम शहरात बसून पूर्ण आखला जातो, अंदाजपत्रक मंजूर होते, पोस्टर छापून तयार असतात, आणि मग शेवटच्या बैठकीत कोणीतरी सुचवते की यात थोडा स्थानिक रंग आणावा. मग वासुदेव येतो, गोंधळ येतो, पोवाड्याच्या चालीवर हात धुण्याचे गाणे येते. लोक ते आवडीने ऐकतात आणि घरी जाऊन पूर्वीप्रमाणेच वागतात, कारण गाण्याने त्यांच्या घरातील कोणतीच अडचण दूर केलेली नसते. कार्यक्रम जुळला की नाही हे चालीवरून ठरत नाही. तो कोणत्या दिवशी, कोणाच्या दारात, कोणाच्या तोंडून आणि कोणत्या शब्दांत पोचला, यावरून ठरते.

गाडगेबाबांच्या कीर्तनाचा दाखला येथे हमखास दिला जातो. मात्र तो देणारे एक गोष्ट विसरतात : बाबा गावात आल्यावर आधी खराटा घेऊन दिवसभर गाव झाडत आणि कीर्तन रात्री करीत. खराट्याशिवाय ते कीर्तन कोणी तसे ऐकले असते का, याची शंकाच आहे.

रोग आणि औषध सगळीकडे सारखेच असताना रीतीभातींचा एवढा विचार कशासाठी करायचा?

याचे उत्तर पुण्याने १८९७ मध्ये दिले आहे. त्या वर्षी प्लेगला आवर घालण्यासाठी रँड यांच्या अधिकाराखाली समिती नेमली गेली. घरांची झडती, रुग्णांना वेगळे काढणे, संशयितांना छावणीत नेणे आणि सामानाचे निर्जंतुकीकरण हे उपाय त्या काळच्या वैद्यकीय समजुतीला धरूनच होते. परंतु ते अमलात आणण्यासाठी सैनिक बुटांसह स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले आणि बायकांची तपासणी परक्या पुरुषांनी केली. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले आणि साथ आवरण्याचा मूळ हेतूच मागे पडला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, हा पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत हडपसरजवळच्या माळावर रुग्णांची शुश्रूषा करीत होते, आणि त्या सेवेतच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. रोग एक, शहर एक, वर्षही एकच. आरोग्य प्रशासनाच्या अभ्यासक्रमात हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून शिकवायला हवेत, असे आम्हांला वाटते.

आखणीपूर्वी समाजाकडून काय जाणून घ्यावे आणि ते कसे?

पहिला प्रश्न त्यांच्या मते त्रास कशाचा आहे, हा असावा. आपल्याला ज्या रोगासाठी निधी मिळाला आहे तो रोग त्यांच्या यादीत पहिला असेलच असे नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड परिसरात काम सुरू केले, तेव्हा लोकांची निकड अन्न आणि पाण्याची होती, दवाखान्याची नव्हती. आरोळे दाम्पत्याने तेथूनच सुरुवात केली, आणि विहिरीचे काम करताना बांधले गेलेले नाते पुढे लसीकरणाला आणि गरोदर बायकांच्या तपासणीला उपयोगी पडले.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने आदिवासींसाठी रुग्णालय बांधण्यापूर्वी त्यांनाच विचारले की तुम्हांला मोठ्या दवाखान्याची भीती का वाटते. उत्तरे वैद्यकशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडली नसती. मोठ्या इमारतीत माणूस हरवतो. नातेवाइकांना आत राहू देत नाहीत. डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात, आणि पांढऱ्या कपड्यात तर आम्ही मेलेल्या माणसाला गुंडाळतो. म्हणून तेथील रुग्णालय गोंडांच्या घरांसारखे, नातेवाइकांना सोबत राहता येईल असे बांधले गेले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. पांढऱ्या कपड्यांची गोष्ट प्रश्नावलीतील रकान्यांतून कधीच बाहेर आली नसती. मोकळा प्रश्न विचारून मग गप्प बसावे लागते, आणि हे गप्प बसणेच आपल्या शिकलेल्या मंडळींना जड जाते.

सर्वेक्षणाची प्रश्नावली प्रमाण मराठीत असली तर काय बिघडते?

आकडेच खोटे निघतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात अनेक बायका मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरून तिची पूड करायची आणि सकाळी चुलीपुढे बसून तर्जनीने ती हिरड्यांवर सावकाश घासत राहायची, असा तो प्रकार आहे. सर्वेक्षणाची मुलगी दारात उभी राहून विचारते, “काकू, तुम्ही तंबाखू खाता का?” काकू अगदी प्रामाणिकपणे सांगतात, “नाही गं बाई, आपल्याकडं कोण खातंय तंबाखू!” त्यांच्या तर्जनीचे टोक त्या क्षणी काळे असते, तरीही कागदावर ‘नाही’ या चौकटीत खूण होते. काकू खोटे बोललेल्या नाहीत; त्यांच्या लेखी तंबाखू ही पुरुषांची, चुन्याबरोबर मळून खायची वस्तू आहे आणि मशेरी हे दात घासण्याचे साधन आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे कोणत्या ना कोणत्या रूपात सेवन करतात असे आढळले. ‘कोणत्या ना कोणत्या’ या तीन शब्दांसाठी प्रत्येक रूप नावानिशी विचारावे लागते : मशेरी, खर्रा, मावा, गुटखा, बिडी, तपकीर.

बायकांच्या आजारांबाबत तर शब्दांचे महत्त्व आणखी वाढते. ‘योनिमार्गाचा जंतुसंसर्ग आहे का’ असे विचारले तर मान हलते, नक्की कोणत्या दिशेने ते कळत नाही. ‘अंगावरून पांढरे जाते का’, ‘अंग बाहेर येते का’ असे, बाईने बाईला, दार लोटून घेऊन विचारले तर बोलणे सुरू होते. बंग दाम्पत्याने गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे दिसले आणि त्यांपैकी जेमतेम ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. तोवर हे दुखणे कोणत्याही आरोग्य कार्यक्रमाच्या यादीत ठळकपणे आलेले नव्हते, कारण ते बोलायला लावील असा प्रश्नच कोणी केला नव्हता.

मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील माडिया आणि गोंडी या भाषांच्या बाबतीत मराठी सोपी करून भागत नाही. कोरकू ही मुंडा कुळातील, तर माडिया आणि गोंडी या द्राविडी कुळातील भाषा आहेत. मराठीशी त्यांचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही.

घरातील कोणत्या चालीरीती बदलायच्या आणि कोणत्या तशाच राहू द्यायच्या?

बाळंतिणीची खोली डोळ्यांसमोर आणावी. तेथे शेक-शेगडी आहे, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर आहे, बाळाच्या गालाला काजळाची तीट आहे, पाचवीला सटवाईची पूजा आहे, काही घरांत पहिल्या दिवसाचा चीक, म्हणजे आईचे पहिले घट्ट दूध, पिळून टाकून बाळाला मधाचे किंवा गुळाच्या पाण्याचे बोट चाटवणे आहे आणि महिनाभर बाळ-बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर न पडू देणे आहे. शहरातून आलेला उत्साही कार्यकर्ता या सगळ्यावर ‘अंधश्रद्धा’ असा एकच शिक्का मारतो आणि सासूबाई त्याला दारातूनच परत पाठवतात.

खरे तर यातील लाडू आणि विश्रांती उपयोगाचीच आहेत, त्यांची उघड स्तुती करावी. सटवाईची पूजा आणि गालावरची तीट कोणाचे काही बिघडवत नाही, त्याविषयी एक शब्दही बोलू नये. चीक टाकून देणे मात्र घातक आहे, कारण बाळाला रोगांशी लढण्याचे पहिले बळ त्यातूनच मिळते, आणि तेथे ठाम राहावे. शेगडीचा धूर कोंडलेल्या खोलीत तान्ह्याच्या छातीला वाईट, पण ऊब हवीच; म्हणून शेगडी बंद करा असे सांगण्याऐवजी बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायला आणि दुपट्यात नीट गुंडाळायला शिकवावे. काढून घेतलेल्या प्रत्येक गोष्टीच्या जागी काहीतरी द्यावे लागते.

उंबऱ्याबाहेर न पडण्याची रीत सर्वांत बोधक आहे. पहिल्या महिन्यात बाळ दवाखान्यात आणले जात नाही, ही अडचण गडचिरोलीत सर्वांना दिसत होती. ‘सर्च’ने बाळाला बाहेर काढण्याचा हट्ट सोडला आणि दवाखानाच त्या खोलीत नेला. गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाचे वजन घेणे, ऊब देणे, स्तनपानातील अडचणी सोडवणे आणि जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणे एवढे त्या शिकल्या. ३९ गावांत हे काम झाले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली गेली. कामाच्या गावांत दर हजार जन्मांमागे सुमारे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून आशाताईंमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत देशभर स्वीकारली गेली. आज दवाखान्यात बाळंतपण झाले तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात.

वजन करायला आयाच तयार होत नाहीत. मुलाला नजर लागेल म्हणतात. काय करावे?

पहिल्यांदा आपण वजन कसे करतो ते पाहावे. अंगणवाडीच्या व्हरांड्यात, दहा जणींच्या देखत, आढ्याला टांगलेल्या काट्याच्या झोळीत मूल घालायचे, ते रडायला लागायचे आणि सेविकेने मोठ्याने ‘सात किलो दोनशे’ असा पुकारा करायचा. ज्या आईचे मूल बाळसेदार आहे तिला नजरेची भीती वाटते आणि जिचे मूल खंगले आहे तिची चारचौघांत शोभा होते. वजन आतल्या खोलीत करावे, आकडा लिहावा, पुकारू नये; काटा अडत असेल तर दंडाचा घेर मोजणारी पट्टी वापरावी. तिच्यावर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल आणि साडेबाराच्या वर हिरवा रंग येतो, आणि तो आईला स्वतःलाच वाचता येतो. नजरेवर व्याख्यान देण्याची गरज यात कोठेच पडत नाही.

भूमका, मांत्रिक, सुईण यांना कार्यक्रमात सामील करून घेणे म्हणजे बुवाबाजीला मान्यता देणे नव्हे काय?

ही शंका रास्त आहे आणि तिचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. मेळघाटात मूल आजारी पडले की कोरकू कुटुंब पहिल्यांदा भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे जाते. पोट फुगलेल्या मुलाच्या पोटावर तापलेल्या सळईने डागण्याचे प्रकार तेथे घडलेले आहेत, आणि ते गुन्हा म्हणून थांबवलेच पाहिजेत. पण भूमका केवळ डागत नाही. तो घराचे ऐकून घेतो, देवाचे करतो आणि त्याचा शब्द मानला जातो. त्याला वगळले तर तो विरोधात जातो, आणि रुग्ण आपल्याकडे येतो तो शेवटच्या अवस्थेत. म्हणून भूमकांना धोक्याची लक्षणे शिकवून, रुग्ण दवाखान्यात पाठवल्याबद्दल मानधन देण्याचा प्रयोग मेळघाटात झाला. पूजा त्याने करावी, मूल मात्र त्याच दिवशी दवाखान्यात यावे, ही वाटणी पुष्कळदा चालून जाते. साप चावल्यावर मात्र ती चालत नाही, कारण तेथे प्रत्येक तास मोलाचा असतो. अशा वेळी मांत्रिकाने मंत्र म्हणायचाच असेल तर तो गाडीत बसून म्हणावा, एवढीच सवलत द्यावी.

संदेश कोणाच्या तोंडून जावा?

ज्याच्यापुढे ऐकणाऱ्याला लाज वाटत नाही आणि ज्याचा शब्द त्या घरात चालतो, अशा माणसाच्या. या दोन गोष्टी एकाच व्यक्तीत क्वचित सापडतात. सून मोकळेपणाने बोलेल ती आशाताईशी, पण चिकाचा निर्णय सासू घेते आणि दवाखान्यात जाण्याच्या पैशांचा नवरा किंवा सासरा. केवळ सुनेचे प्रबोधन करणाऱ्या सभा म्हणूनच व्यर्थ जातात. जामखेडला सुरुवातीला शिकलेल्या नर्स गावात रुजेनात, तेव्हा गावांनीच निवडलेल्या बायकांना शिकवले गेले. त्यांतील अनेक दलित आणि निरक्षर होत्या. कार्यकर्ती कोणत्या वस्तीतील आहे, ती कोणाच्या घरात जाऊ शकते आणि कोणाच्या ओसरीवरच थांबते, हे पाहणे आजही टाळता येत नाही. याविषयी अहवालात लिहायला सगळे संकोचतात, पण गावात ते सर्वांना माहीत असते.

मोहिमेची वेळ कशी ठरवावी?

आर्थिक वर्षावरून ठरवू नये. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) अंगावर असते आणि एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ म्हणून दंड बसतो. जिची गरोदर म्हणून नोंद गावात झाली आहे ती बाळंत होते उसाच्या फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, आणि बाळाच्या लसीचे कार्ड राहते गावाकडच्या पेटीत. अशा बाईसाठी सकाळी अकराला शिबिर ठेवणे म्हणजे ते तिच्यासाठी न ठेवणेच होय. शिबिर हवे ते कोपीवर आणि अंधार पडल्यावर. मेळघाटातील स्थलांतरित कुटुंबे होळीला गावी परत येतात, कारण कोरकूंचा तो सर्वांत मोठा सण आहे. लसीकरणाची आणि मुलांच्या तपासणीची मोहीम त्या दिवसांत लावावी, सुट्टीची अडचण आपण सोसावी.

एखाद्या समाजाचा लसीवरच विश्वास नसेल तर?

२००२ मध्ये देशात पोलिओचे सुमारे १६०० रुग्ण सापडले, त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते आणि त्यांत मुस्लिम मुलांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने बरेच जास्त होते. थेंबांनी मुले नपुंसक होतात, अशी अफवा होती. सुरुवातीला अफवा खोडून काढण्यावर भर दिला गेला, आणि त्याचा फारसा उपयोग झाला नाही. मग अलिगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया यांचे साहाय्य घेतले गेले, मशिदींतून घोषणा झाल्या, आणि त्याच मोहल्ल्यातील बायका घरोघरी जाऊ लागल्या.

तरीही केवळ मौलानांच्या आवाहनाने काम झाले, असे मानणे चूक ठरेल. लोकांची खरी तक्रार वेगळी होती : गटार तुंबलेले, दवाखाना बंद, मुलाला जुलाब झाले तर कोणी फिरकत नाही, आणि हे थेंब मात्र दर महिन्याला दारात कसे येतात? यात शंका घेण्यासारखे काय नव्हते? जेव्हा थेंबांबरोबर जुलाबावरच्या औषधाची पुडी, साबण, इतर लसी आणि आरोग्य शिबिरे येऊ लागली, तेव्हा दारे उघडली. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा येथे नोंदवला गेला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले.

मग लोक सेवा घेत नाहीत याचे कारण संस्कृती नसते का?

पुष्कळदा नसते. ‘आदिवासी दवाखान्यात येत नाहीत, त्यांची मानसिकताच तशी’ हे वाक्य आम्ही इतक्या बैठकांत ऐकले आहे की आता ते ऐकताच आम्ही पहिल्यांदा रस्त्याची, बसच्या फेऱ्यांची आणि केंद्रात रात्री कोण असते याची चौकशी करतो. ज्या गावाहून पावसाळ्यात नाला ओलांडता येत नाही तेथील बाळंतपण घरी होते, त्याला श्रद्धेचा आधार शोधण्याची गरज नाही. रीतीभातींचा अभ्यास हा सेवेतील उणिवा झाकण्याचे पांघरूण होऊ नये.

व्यसन हाच जेथे पाहुणचार आहे, तेथे काय करता येते?

विदर्भात, विशेषतः गडचिरोलीत, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा पाहुण्यापुढे केला जातो. नाही म्हणणे म्हणजे यजमानाचा अपमान. येथे कर्करोगाची चित्रे एकेकट्या माणसाला दाखवून भागत नाही, कारण खर्रा सोडणाऱ्याला संबंधही तोडावे लागतात. गावाने मिळून ठरवले की लग्नात आणि बैठकीत खर्रा मांडायचा नाही, तरच एकट्याला ‘नको’ म्हणता येते. २०१६ पासून गडचिरोलीत चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूविरोधी अभियानाचा भर म्हणूनच गावाच्या निर्णयावर आहे. जिल्ह्यात दारूबंदी १९९३ मध्ये झाली तीही लोकांच्या चळवळीतून. मोहाची दारू देवाला वाहिली जाते, हे येथे विसरता येत नाही. देवाची धार आणि विक्रीची भट्टी यांत फरक करण्याचे काम बाहेरच्या माणसाने अंगावर घेऊ नये, ते गावालाच जमते.

शासकीय योजना सर्वत्र एकसारखी असते. तिच्यात बदल करण्याचा अधिकार आम्हांला कोठे आहे?

औषधाची मात्रा, लसीचे वेळापत्रक आणि थंडसाखळी (लस सतत थंड ठेवण्याची व्यवस्था) यांना हात लावता येत नाही, लावूही नये. उरलेल्या पुष्कळ गोष्टी मोकळ्या असतात : शिबिराची वेळ, बसण्याची जागा, बोलणारी व्यक्ती, चित्रातील लुगडे आणि भांडी. अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील मुलांना अंडी द्यायची आहेत, पण अंडे न खाणाऱ्यांना केळी देण्याची सोय योजनेतच ठेवलेली आहे. ती वापरायची की ‘अंडे घेत नाहीत’ असा शेरा मारून वही मिटायची, हे अंगणवाडीतच ठरते.

कार्यक्रम जुळला आहे, हे मोजायचे कसे?

मृत्यू, आजार, वजन हे मोजमाप कधीच सोडू नये. सभेला किती माणसे आली हा आकडा त्याची जागा घेऊ शकत नाही. पण त्याआधी दिसणाऱ्या काही खुणा आम्ही पाहतो. पाचवीच्या दिवशी आशाताईला आत बोलावले जाते की ओसरीवर बसवले जाते, भूमका स्वतः रुग्णाबरोबर येतो का, आणि पुढच्या सर्वेक्षणात ‘तंबाखू खाता का’ असे विचारल्यावर काकू पदराआड बोट लपवतात, की पुढे करून म्हणतात, “खात नाही गं, पण ही मशेरी तेवढी सुटत नाही बघ.”